१५४० विरुद्ध १८९०: ड्रॉ पटाशी झाला की रेटिंगशी?

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात सांगतो. डोंबिवलीच्या एका पालकांचा मुलगा, वय १३, फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग १५४०, दादरच्या एका बुद्धिबळाच्या क्लासिकल (लांब वेळाच्या) स्पर्धेत पहिल्याच फेरीत १८९० रेटिंगच्या एका काकांसमोर बसला. ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद असा वेळ होता. मुलगा पांढरा. ३४ व्या चालीच्या आसपास पोझिशन रिपीट होत होती, काकांनी ते टाळलं, नंतर त्यांचंच बिघडत गेलं, आणि ६७ व्या चालीला मुलाचं प्यादं सातव्या रांगेत असताना काकांनी "ड्रॉ?" विचारलं आणि मुलाने हात मिळवला. घरी येऊन इंजिनला (बुद्धिबळाच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला) घातलं तर पांढरा सरळ जिंकतोय. वडिलांचे प्रश्न तीन आहेत: जिंकलेला डाव सोडला म्हणजे मुलगा मोठ्या रेटिंगला घाबरतो का, हरत असलेल्या माणसाने ड्रॉ मागणं नियमात बसतं का आणि आता तक्रार करता येईल का, आणि रेटिंगचं नक्की किती नुकसान झालं.

मी जवळजवळ तीस वर्षं मुंबईत स्पर्धा खेळतोय आणि बरीच वर्षं मुलांना शिकवतोय. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण क्रम उलटा घेतो, कारण रेटिंगचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे आणि पहिला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

रेटिंग. दोघांमध्ये ३५० चा फरक. फिडेच्या तक्त्यात या फरकाला वरच्या खेळाडूचा अपेक्षित स्कोअर ०.८९ आणि खालच्याचा ०.११. तुमच्या मुलाला मिळाला अर्धा, म्हणजे अपेक्षेपेक्षा ०.३९ जास्त. १८ वर्षांखालच्या आणि २३०० च्या आतल्या मुलांचा के फॅक्टर, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलायचं ते ठरवणारा आकडा, ४०, त्यामुळे ०.३९ गुणिले ४० म्हणजे १५.६ पॉइंट वाढले. काकांचा के २०, त्यांचे गेले ७.८. लोकांना वाटतं एकाचे जातात तेवढेच दुसऱ्याला मिळतात, तसं नाहीये, मुलाला त्यांच्या दुप्पट मिळालेत. जिंकला असता तर ३५.६ मिळाले असते, हरला असता तर ४.४ गेले असते. म्हणजे तुम्ही ज्याला नुकसान म्हणताय ते २० पॉइंट आहे. के ४० असताना २० पॉइंट म्हणजे बरोबरीच्या खेळाडूविरुद्धचा एक विजय, मुलांचं रेटिंग एका महिन्यात याच्या कितीतरी पट वरखाली होतं. त्यावर झोप घालवू नका.

फक्त ०.११ चा अर्थ नीट समजून घ्या, कारण यात बरेच पालक फसतात. ०.११ म्हणजे "जिंकायचा चान्स ११ टक्के" असं नाही. शंभर डावांत अकरा गुण, एवढाच अर्थ आहे. ते ११ गुण ४ विजय आणि १४ ड्रॉ असेही येऊ शकतात. म्हणजे ३५० ने कमी असलेल्या मुलाने ड्रॉ काढणं हा काही चमत्कार नव्हे, तो रेटिंगच्या गणितातच धरलेला आहे. आणि पहिल्या फेरीत असली जोडी लागणं हेही ठरलेलंच असतं, कारण स्विस पद्धतीच्या स्पर्धेत रेटिंगप्रमाणे लावलेल्या यादीचे दोन भाग करून वरचा अर्धा खालच्या अर्ध्याशी लावतात. १८० एंट्री असतील तर पहिला नंबर ९१ व्याशी खेळतो, दुसरा ९२ व्याशी, असं खालपर्यंत. त्यामुळे पेअरिंग लागल्या लागल्या "अरे बापरे, १८९०!" असं मुलासमोर म्हणू नका. मी हे दर रविवारी ऐकतो, शाळेच्या जिन्यात, पेअरिंगच्या कागदाला चिकटलेल्या गर्दीत, आणि ते ऐकताना मुलाच्या खांद्यांकडे बघा, तिथल्या तिथे खाली येतात.

आता नियम. हरत असताना ड्रॉ ऑफर करणं नियमाविरुद्ध नाही. नियम एवढाच सांगतो की आपली चाल पटावर करायची, ड्रॉ म्हणायचं आणि मग क्लॉक दाबायचं. दोघांनीही स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, त्या चालीपुढे बरोबरीचं (=) चिन्ह लिहायचं. काकांनी क्लॉक दाबल्यावर, म्हणजे मुलाच्या वेळात विचारलं असेल तर पद्धत चुकली, पण ऑफर तरीही वैध राहते. पुन्हा पुन्हा विचारत राहिले असते तर तो समोरच्याला त्रास देण्याचा प्रकार होतो, तेव्हा क्लॉक थांबवून आर्बिटरला (पंचाला) बोलवायचं. एकदा विचारलं याला काही तक्रार नाही. रीतीचं म्हणाल तर चांगले खेळाडू वाईट पोझिशनमध्ये ड्रॉ मागत नाहीत, मी माझ्या मुलांना तेच शिकवतो, पण ती रीत झाली, नियम नव्हे. आणि दोघांनी मान्य केलं, हात मिळवला की डाव संपला. स्कोअरशीटवर निकाल लिहून दोघांनी सही केल्यावर इंजिनचा आकडा घेऊन कुठल्याही आर्बिटरकडे जाता येत नाही, आणि तसं जाऊही नये.

एक गोष्ट मात्र मुलाला आजच सांगा, कारण ती मुलांना कोणी सांगत नाही. ऑफर आली म्हणजे लगेच हो की नाही सांगायचं असं नसतं. समोरच्याला ती मागे घेता येत नाही. तुम्ही तोंडाने नाही म्हणेपर्यंत किंवा खेळायच्या इराद्याने पीसला हात लावेपर्यंत ती तशीच उभी असते. क्लॉक तुमचं चालू असतं हे खरं, पण त्या वेळात शांत बसून बघता येतं. बहुतेक मुलं ऑफर ऐकली की दोन सेकंदांत मान हलवतात, समोर मोठा माणूस हात पुढे करून बसलाय, त्याला ताटकळत कसं ठेवायचं म्हणून. आपल्या घरांमध्ये मोठ्यांना नाही म्हणायचं नाही हे इतकं मुरलेलं असतं ना, की पटावरही ते येतं. तेव्हा त्याला सांगा, काकांना थांबवून ठेवणं हा उद्धटपणा नाही, तो त्याचा हक्क आहे.

आता मुद्द्याचा प्रश्न, मुलगा घाबरला का.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ओरडल्यावर तो म्हणाला, "काका शह देतच बसले असते." हे वाक्य मी तीनदा वाचलं. माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या मजकुरातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे आणि तुम्ही ती सबब म्हणून लिहिली आहे. ती सबब नाही. का ते सांगतो, त्याआधी माझी एक गोष्ट सांगतो.

१९९६ मध्ये मी कॉलेजात होतो. तेव्हा २००० च्या खाली फिडे रेटिंग मिळायचंच नाही, त्यामुळे ज्याच्या नावापुढे रेटिंग आहे तो माणूसच वेगळा वाटायचा, आम्ही पोरं त्यांच्या बोर्डमागे जाऊन उभे राहायचो. माटुंग्याला एका स्पर्धेत माझी गाठ अशाच एका खेळाडूशी पडली. २२ व्या चालीला त्यांनी चाल केली, वर बघितलं आणि ड्रॉ विचारला. मी पटाकडे बघितलंसुद्धा नाही. हात पुढे केला. बाहेर आल्यावर मित्रांनी पाठ थोपटली, मीही खूश, विरार लोकलमध्ये दारात उभा राहून घरी आलो आणि रात्री पट मांडला. माझा घोडा डी५ वर (घराच्या नावातलं अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा) जात होता आणि त्यांच्या वजिराला जायला एकही सेफ घर नव्हतं. एकच चाल. लपलेली नव्हती, लांबची नव्हती, माझ्या आत्ताच्या मुलांपैकी कुणीही मिनिटभरात शोधेल. मला ती दिसली नाही कारण मी बघितलंच नव्हतं. माझा ड्रॉ त्या पोझिशनशी झाला नव्हता, त्यांच्या नावापुढच्या आकड्याशी झाला होता. तो डाव मला आजही सलतो आणि म्हणूनच मुलांना ड्रॉबद्दल विचारताना मी पहिला प्रश्न नेहमी हाच विचारतो, हात पुढे करताना तू काय बघत होतास?

आता तुमच्या मुलाचं बघू. त्याला विचारलं आणि त्याने पटावरचं कारण सांगितलं. "ते १८९० होते" असं म्हणाला नाही, "शह देतच बसले असते" म्हणाला. म्हणजे त्याने बघितलं, विचार केला, काही चाली मोजल्या. निष्कर्ष चुकला, पण तो पटाशी बोलत होता. या दोन ड्रॉमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि इंजिन दोन्हींना एकाच रंगात दाखवतं.

आणि निष्कर्ष तरी किती चुकला ते बघा. तुम्ही पाठवलेली शेवटची पोझिशन अशी: पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१. काळा राजा ई७, काळा हत्ती एच२. चाल पांढऱ्याची. प्यादं एका घरावर वजीर व्हायचं थांबलंय कारण त्याच्या वाटेत स्वतःचाच राजा उभा आहे, आणि राजाला बाहेर पडता येत नाही, एच फाईल (उभी रांग) काळ्या हत्तीने धरलीय आणि एफ७, एफ८ काळ्या राजाने. मुलाने बहुतेक हे बघितलं असणार: हत्ती ई१ वर आणून शह दिला, काळा राजा डी७ वर गेला, मग माझा राजा एफ७ वर बाहेर आला की एफ२ वरून शह, जी६ वर गेलो की जी२ वरून शह, एफ६ वर आलो की परत एफ२ वरून. आणि राजा प्याद्यापासून लांब नेला की हत्ती जी फाईलवर येऊन प्यादंच खातो. त्याने जे मोजलं ते त्या ओळीत बरोबर आहे! अशा पद्धतीने खेळलं तर शह खरंच संपत नाहीत. चार तास बसलेला, क्लॉकवर चार मिनिटं उरलेली, आणि तेरा वर्षांच्या पोराने एवढं मोजलं. मी त्याच्या जागी असतो तर तुम्हाला हे सांगायची हिंमत झाली नसती, त्याने तेवढं तरी सांगितलं.

त्याला जे माहीत नव्हतं ते असं. ई१ वरून शह, राजा डी७. इथे राजा बाहेर काढायची घाई करायची नाही. हत्ती ई४ वर न्यायचा. बस, सगळी गंमत या एका चालीत आहे. काळा आपला हत्ती एच१ वर वगैरे नेऊन वाट बघतो. आता राजा एफ७, एफ१ वरून शह. राजा जी६, जी१ वरून शह. राजा एफ६, एफ१ वरून शह. राजा जी५, जी१ वरून शह, आणि आता आपला हत्ती ई४ वरून जी४ वर मध्ये येऊन उभा राहतो. शह अडला, प्याद्याला मागून आधार मिळाला, आता ते वजीर होणारच. याला पूल बांधणं म्हणतात. पोझिशनला लुसेनाचं नाव आहे, १४९७ मध्ये ज्याचं पुस्तक निघालं तो स्पॅनिश लुसेना, पण त्या पुस्तकात ही पोझिशन नाहीच, ती १६३४ च्या साल्व्हिओच्या पुस्तकात सापडते. आणि सुरुवातीच्या शहाला राजा डी७ ऐवजी एफ६ वर गेला तर आपला राजा एफ८ वर, पुढच्या चालीला वजीर, एवढं सोपं.

मुलाला हे कळायला वीस मिनिटं लागतील. पण ते व्हिडिओ दाखवून शिकवू नका. पट मांडा, तुम्ही काळे घ्या, आणि दहा वेळा खेळा, दर वेळी वेगळ्या फाईलवर, कधी सी प्यादं, कधी ई. मग बाजू बदला म्हणजे शह देणारा काय शोधत असतो ते त्याला कळेल. तुम्हाला बुद्धिबळ फारसं येत नसलं तरी चालेल, काळ्याला फक्त शह द्यायचेत. सीएसएमटीपर्यंतच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर छोट्या मॅग्नेटिक पटावरही होतं, माझ्या दोन विद्यार्थिनी अख्खा एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) कल्याण ते दादर शिकल्यात.

तरीही एक चूक त्याची आहे, ती सांगतो, आणि ही पूल माहीत नसण्यापेक्षा मोठी आहे. त्या पोझिशनमध्ये तो हरू शकत होता का? नाही. त्याच्याकडे हत्ती आणि सातव्या रांगेतलं प्यादं, काकांकडे नुसता हत्ती. प्रत्येक चालीला ३० सेकंद मिळतायत, त्यामुळे वेळ संपून झेंडा पडायची भीती नाही. फार तर फार काय होईल, प्यादं जाईल आणि ड्रॉ होईल. तो ड्रॉ तर काका आत्ताच देतायत. मग तो आणखी वीस चाली खेळून का नाही बघायचा? ऑफर आल्यावर मुलाने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न "मी जिंकतोय का" हा नाही, त्याचं उत्तर १५४० ला बरेचदा येणारच नाही. पहिला प्रश्न "मी इथून हरू शकतो का" हा आहे. उत्तर नाही असेल तर खेळत राहायचं, समोर १८९० असो नाहीतर ग्रँडमास्टर. उत्तर हो असेल, आणि आपला राजा उघडा आहे, क्लॉकवर एक मिनिट आहे, समोरचा अशा पोझिशन पन्नास वेळा खेळलाय, तर ड्रॉ घेण्यात काहीही कमीपणा नाही, मग इंजिन प्लस दोन (म्हणजे दोन प्याद्यांइतकी आघाडी) दाखवू दे नाहीतर प्लस तीन. इंजिनला राजा उघडा असल्याची धडधड होत नाही.

आता ३४ व्या चालीकडे या, कारण खरा डाव तिथे फिरला आणि तुम्ही ते एका ओळीत उरकलंत. स्कोअरशीटवरून दिसतंय की मुलाचा हत्ती काकांच्या वजिराच्या मागे लागला होता, वजीर सी७ वरून बी७ वर, परत सी७, परत बी७. तिथे पोझिशन समान होती. काका परत सी७ वर गेले असते तर त्रिवार पुनरावृत्ती झाली असती, म्हणजे ड्रॉ क्लेम करता आला असता. ते गेले नाहीत, वजीर दुसऱ्याच घरावर नेला आणि दोन चालींनी जी५ ढकललं, स्वतःच्या राजापुढचं. का? कारण समोर १५४० बसलाय. १८९० वाल्या माणसाला या ड्रॉमध्ये ७.८ पॉइंट जाणार, पहिल्याच फेरीत अर्धा गुण जाणार, आणि बाहेर मित्र विचारणार, अरे पोराशी ड्रॉ? म्हणून बरोबरीच्या पोझिशनमध्ये नसलेला विजय शोधायला निघाले. मी हे स्वतः केलंय, अनेकदा, आणि त्याच चालीत डाव गमावलाय. म्हणजे बघा, रेटिंगच्या आकड्याशी खेळण्याची चूक त्या डावात झाली, पण ती तुमच्या मुलाने केली नाही, काकांनी केली. मुलगा फक्त चांगल्या चाली करत राहिला आणि प्यादं पुढे नेत राहिला. ३३ चाली टिकवून, मिळालेली संधी घेऊन सातव्या रांगेपर्यंत. हे त्याला कोणी सांगितलं का? मला वाटतं नाही सांगितलं.

त्याच ठिकाणी एक तांत्रिक गोष्ट शिकवून ठेवा. अशी पुनरावृत्ती होत असताना मुलाला ड्रॉ हवा असता तर कसा क्लेम करायचा हे त्याला माहीत आहे का? आपल्या चालीने तिसऱ्यांदा तीच पोझिशन येणार असेल तर चाल पटावर करायची नाही. ती स्कोअरशीटवर लिहायची, क्लॉक थांबवायचं आणि आर्बिटरला सांगायचं की ही चाल करून मी क्लेम करतोय. ठाण्याला एकदा माझ्या डोळ्यांदेखत एका छोट्या मुलीने चाल करून टाकली आणि मग हात वर केला. आता चाल समोरच्याची, हक्क समोरच्याचा, आणि समोरच्याने क्लेम न करता वेगळी चाल केली. ती रडत बाहेर आली, नियम तिच्या बाजूने असतानाही. आणि पोझिशन सलग तीनदा यायला पाहिजे असं नाही, मध्ये दुसऱ्या चाली होऊ शकतात, फक्त चाल त्याच खेळाडूची असायला हवी आणि कॅसलिंग (किल्लेकोट), आं-पासां (प्याद्याने जाता जाता प्यादं मारणं) वगैरेचे हक्क तेच हवेत. क्लेम चुकीचा निघाला तर समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, एवढाच दंड आहे, त्याला घाबरून क्लेम सोडू नये. क्लेम ही ड्रॉची ऑफरसुद्धा धरली जाते, हेही लक्षात ठेवा.

आणि पूल शिकवला की दुसऱ्या दिवशी उलटी बाजू शिकवा, कारण पुढच्या वेळी प्यादं कमी त्याचं असेल आणि समोर पुन्हा कोणी १९०० असेल. काळा राजा ई८, हत्ती बी६. पांढरा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती ए७. काळ्याने हत्ती सहाव्या रांगेत डावीउजवीकडे हलवत राहायचा म्हणजे पांढऱ्या राजाला त्या रांगेत पाऊल टाकता येत नाही. ज्या क्षणी पांढरा प्यादं ई६ वर ढकलतो त्या क्षणी हत्ती खाली बी१ वर, आणि मागून शह. आता राजाला लपायला प्याद्याचा आडोसा उरलेला नाही. फिलिडोर या फ्रेंच खेळाडूची पद्धत आहे ही, दोनशे वर्षांहून जुनी, आणि कमी रेटिंगच्या खेळाडूला अर्धा गुण मिळवून देण्यात हिच्याइतकी मदत कुठलीच ओपनिंग करत नाही. मुंबईतले क्लास मुलांना सातव्या चालीपर्यंतचे ट्रॅप शिकवतात आणि हत्तीचे हे दोन एंडगेम राहून जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. पालकही ओपनिंगचे कोर्स विकत घेतात कारण त्यात लवकर जिंकताना दिसतं. १८९० चा माणूस ट्रॅपमध्ये सापडत नाही. त्याच्याशी डाव एंडगेमपर्यंत जातो.

२००४ मध्ये रेक्याविकला १३ वर्षांचा मॅग्नस कार्लसन, जो पुढे विश्वविजेता झाला, रॅपिडमध्ये (कमी वेळाच्या डावांत) गॅरी कास्पारोव्हसमोर बसला होता, कास्पारोव्ह तेव्हा जगात पहिल्या नंबरवर. पहिला डाव ड्रॉ झाला आणि त्यात वरचढ बाजू मॅग्नसची होती. दुसरा डाव कास्पारोव्हने जिंकला. तुमच्या मुलाची तुलना करत नाहीये, तसली तुलना मुलांच्या डोक्यावर ओझं होते. सांगायचं एवढंच की तेरा वर्षांच्या मुलाच्या हातून मोठ्या खेळाडूविरुद्ध चांगली पोझिशन ड्रॉ होणं ही या खेळातली रोजची गोष्ट आहे, सगळ्यात गुणी पोराच्या बाबतीतही.

शेवटी तुमच्याबद्दल, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय की हॉलमधून बाहेर आल्यावर त्याने "ड्रॉ" म्हटलं तेव्हा तुम्ही खूश झालात, वडापाव घेऊन दिलात, आणि घरी इंजिन लावल्यावर ओरडलात. आता त्याच्या बाजूने बघा. दुपारी जी गोष्ट चांगली होती ती रात्री वाईट झाली, मधल्या वेळात त्याने काहीच केलं नाही, फक्त फोनवर एक आकडा दिसला. पुढच्या वेळी तो ड्रॉ झाल्यावर डाव तुम्हाला दाखवणार नाही, लपवेल. माझ्याकडे अशी मुलं येतात, स्कोअरशीट फाडून टाकणारी. म्हणून इंजिन दोन दिवस बंद ठेवा. पट मांडून त्याला स्वतःला डाव दाखवू दे, कुठे काय वाटलं, कुठे भीती वाटली, कुठे काकांनी नाक मुरडलं, सगळं. तुम्ही फक्त ऐका. नंतर इंजिन लावा, आणि तेही त्याच्या हातात देऊन.

दुसरी फेरी तो हरला असं लिहिलंय, तेही समजण्यासारखं आहे, चार तासांच्या डावानंतर जेवायला तासभरही मिळाला नसेल. पुढच्या स्पर्धेला डबा घरून न्या, हॉलबाहेरच्या गर्दीत त्याला उभं ठेवू नका, कुठेतरी झाडाखाली बसवा आणि डावाबद्दल एक शब्द बोलू नका.

स्कोअरशीट जपून ठेवा. मला ३४ ते ४० चाली पाठवा, आधीच्या आणि नंतरच्याही दोन-चार. जी५ ढकलल्यावर मुलाने लगेच आपलं एच प्यादं पुढे केलं की आधी हत्ती त्या बाजूला आणला, हे मला बघायचंय. एच प्यादं आधी पुढे केलं असेल तर त्या चालीला त्याने किती वेळ घेतला तेही त्याला विचारून कळवा.